पन्हा पुरत नाही

हौशी : आत्या, ठरवूनच आलोय. नव्या फ्लॅटच्या सातही खिडक्यांना कापडी ब्लाइंड लावायचे. दोरी ओढली की घड्या पडत वर जातात ना, तसले. रोमन म्हणतात त्यांना. नुसते पडदे नकोत. पडद्याला चुण्या पाहिजेत म्हणून खिडकीच्या दुप्पट कापड लागतं, खाली फरशी झाडत लोळतं, आणि पंखा लावला की दिवसभर अंगावर येतं. ब्लाइंडला खिडकीएवढंच कापड, वर दुमडीला चार बोटं, आणि चौकटीच्या आत गप्प बसतं. पट्ट्यांचे ब्लाइंड मला ऑफिसात बघून बघून विटलेत. पट्टीतून उजेड कापून येतो, फरशीवर नुसत्या रेघा. कापडातून येतो तो मऊ. आपल्याकडं त्याला शब्दच आहे की, वस्त्रगाळ. लोक तो औषधाच्या चूर्णाला वापरतात, पण खरा शोभतो उजेडाला. मग एका खोलीला द्यायचा आणि दुसरीला नाही, असं कशासाठी? सगळं घर एकसारखं दिसू दे.

संशयी : शब्द झकास काढलास. पण वस्त्रगाळ केलं की चूर्ण खाली पडतं आणि गाळ कापडावर राहतो. तो गाळ कुणी काढायचा? तीस वर्षं मशीनवर लोकांचे पडदे शिवले मी. नवं कापड घेऊन हसत येणारी माणसं बघितली, आणि तीच माणसं दोन वर्षांनी तेच कापड घेऊन ‘यातनं उशांचे अभ्रे निघतील का’ म्हणून विचारायला आलेली बघितली. आलेलं कापड हातात घेतलं की खोली कुठली ते मी न विचारता सांगायचे. स्वयंपाकघरातलं बोटाला चिकटायचं. रस्त्याकडच्या खोलीतलं झटकलं की शिंक यायची. न्हाणीघराजवळच्याला काळे ठिपके पडलेले असायचे, ते कशानंही जायचे नाहीत. पश्चिमेच्या खिडकीतलं उसवायला घेतलं की शिवणीवरच फाटायचं, उन्हानं सुताचा जीवच गेलेला. खोली कापडात उतरते, बाळा. सातही खिडक्यांना एकच कापड लावशील, वर्षभरानं ती सात वेगळी कापडं झालेली असतील. एकसारखं दिसणं दिवाळीपर्यंत टिकलं तरी खूप.

हौशी : बरं, एकेक खोली घेऊ. स्वयंपाकघर आधी, कारण तिथंच तुम्ही नाक मुरडणार. माझ्या ओट्याची खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळी चहा ठेवायला उभं राहिलं की सूर्य बरोबर डोळ्यांत. आई एका हातानं डोळे झाकून दुसऱ्या हातानं भाकरी उलटते, हे मी बघितलंय. तिथं काहीच नको म्हणता? चिमणी बसवलीय, धूर जातो. आणि कापड काढून धुता येईल असं शिवून घेणार, वरच्या फळीला वेल्क्रोनं चिकटवायचं. खर्रकन ओढलं की हातात.

संशयी : चिमणी फोडणीचा धूर ओढते, कबूल. पण एप्रिलमध्ये वर्षाची चटणी करशील तेव्हा? मिरच्या भाजायला घेतल्या की खालच्या मजल्यावरचे ठसकतात. कांदा, लसूण, खोबरं तळायचं, तीळ-धणे भाजायचे. त्या दोन दिवसांचा वास सुती कापड दिवाळीपर्यंत धरून ठेवतं. पॉलिस्टर वास कमी धरतं असं समजून लोक तिकडं वळतात, तर ते गॅसजवळ नकोच. आच लागली की सुतासारखी त्याची राख होत नाही, वितळून चिकटतं. आणि तुझं ते खर्रकन. ब्लाइंडच्या पाठीला आडव्या काठ्या असतात, प्रत्येकीचा नेफा वेगळा, मागं कड्या, कड्यांतून दोऱ्या. धुवायच्या आधी काठ्या काढायच्या, दोऱ्या ओवलेल्या सोडवायच्या, धुऊन वाळलं की नेफ्यांवर इस्त्री, मग परत ओवायचं. एक दोरी इकडं-तिकडं झाली की ब्लाइंड तिरकं चढतं. महिन्यातून एकदा हे करावं लागेल. कोण करणार? ‘मशीनला लावायचं’ म्हणू नकोस. मशीन धुतं, काढत-घालत नाही. सूर्याचंच दुखणं आहे ना? मग खिडकीच्या वरच्या अर्ध्या काचेला दूधकाच बसव. फडक्यानं पुसली की झालं.

हौशी : धुणार कोण, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आमच्याकडं आजवर ‘आई’ असंच होतं, तेही मान्य. स्वयंपाकघर सोडलं. पण हॉल सोडणार नाही. हॉलही पश्चिमेला, सहा फुटी काच. मार्च ते मे संध्याकाळी सातपर्यंत सोफ्यावर बसवत नाही. तिथं कापड शोभेसाठी नाही, गरज म्हणून पाहिजे. आणि एक सांगू? आपल्या कोल्हापूरचं कापडाशी जुनं नातं आहे. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवतच सिनेमापर्यंत पोचले ना? रंगवलेल्या कापडापुढं माणसं बसून राहिली, तिथूनच पुढं 1920 सालचा ‘सैरंध्री’ आला. आपल्याला पडदा म्हटलं की नुसतं झाकणं आठवत नाही.

संशयी : पडदे रंगवणारे लक्षात राहतात, ते रोज ओढणारे आणि गुंडाळणारे राहत नाहीत. नाटक कंपनीत त्या कामाला पगारी माणूस होता, तेवढं ध्यानात ठेव. असो, हॉलकडं येऊ. ऊन काच ओलांडून आत आलं की उष्णता घरात शिरलीच. तुझं कापड काचेच्या आतल्या बाजूला. ते ऊन अंगावर घेतं, तापतं आणि रात्रीपर्यंत ती धग खोलीत सोडत बसतं. डोळ्यांना सावली मिळते, अंगाला नाही. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या भिंती हातभर जाड, खिडकी त्या जाडीत खोल बसलेली, आणि उन्हाळ्यात बाहेरून बांबूची चिक. ऊन काचेपर्यंत येऊच द्यायचं नाही, बाहेरच थोपवायचं. त्यात बुद्धी होती. तुम्ही भिंत सहा इंचांची केली, खिडकी तिच्या बाहेरच्या कडेला आणून बसवली, आणि आता आतून कापड लावून तिच्याकडनं सावलीची अपेक्षा करताय.

हौशी : बुद्धी होती, पण ती तळमजल्यावरची होती. मी राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर. बाहेर चिक टांगली तर वळवाच्या पहिल्या वाऱ्याला ती शेजारच्या टेरेसवर. शिवाय सोसायटी बाहेरून काही लावू देत नाही, इमारतीचं तोंड बिघडतं म्हणे. मग आतून जे होईल ते करायचं. कापडाच्या काचेकडच्या बाजूला पांढरंशुभ्र अस्तर दिलं की निदान काही ऊन आल्या वाटेनं काचेतून परत जातं. गडद कापड उघडं ठेवलं तर तुम्ही म्हणता तशी शेगडी होईल. म्हणजे रंग आपल्या बाजूला, पांढरं सूर्याच्या बाजूला. चिकेएवढा उपयोग नाही होणार, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ. आणि मुख्य म्हणजे हॉल ही अशी खोली आहे की तिथं तेल नाही, वाफ नाही. कापडानं राहावं अशी तीच.

संशयी : अस्तराचं तुला ठाऊक आहे म्हणजे निम्मं काम झालं. हॉल दिला. पण पश्चिमेची खिडकी म्हणजे एकच खिडकी समजू नकोस. अंबाबाईचा किरणोत्सव बघ. देवी पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. आधी पाय, मग कंबर-छाती, मग मुख. दोन्ही वेळा सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला एकाच जागी मावळतो, म्हणून तेच घडतं. म्हणजे इतर दिवशी तो तिथं नसतो. जूनच्या टोकाला तो पश्चिमेच्या उत्तरेला 24 अंशांवर बुडतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. मे महिन्यात तुझ्या सोफ्याच्या डाव्या टोकाला ऊन असेल, तर डिसेंबरात उजव्या. सहा फुटांचं एकच ब्लाइंड केलंस तर चार फुटांचा उजेड उगाच मारशील. तीन करून घे, दोन-दोन फुटांची. आणि उत्तरेच्या खोलीला ऊन येत नाही असं बिल्डरनं सांगितलं असेल, तेही तपासून बघ. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून ऑगस्टपर्यंत तो उत्तरेच्या बाजूनंच फिरतो. जून-जुलैत ढग असतात म्हणून कळत नाही, पण मेमध्ये उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतंच.

हौशी : तीन ब्लाइंड! हे डोक्यात आलं नव्हतं. आणि त्यानं दुसरंही एक कोडं सुटतं. कापड मी इचलकरंजीचं घेणार आहे. 1904 ला विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आपल्या दारात तीस किलोमीटरवर माग चालू आहेत, आणि आपण पडद्याचं कापड मुंबईच्या ब्रँडच्या नावानं घेतो. जाड सुती घ्यायचं, साधं, न रंगवलेलं. पण पन्हा 48 इंच. सहा फुटी खिडकीला जोड मारावा लागणार होता.

संशयी : आणि जोड उजेडात दिसतो. दिवसा मागून ऊन आलं की शिवणीची काळी रेघ मधोमध उभी. रात्री गिऱ्हाईक खूश, सकाळी माझ्या दारात. पन्हा पुरत नसेल तर पूर्ण पन्हा मधे घ्यायचा आणि दोन्ही कडांना सारख्या पट्ट्या जोडायच्या, म्हणजे रेघ नक्षीत खपते. नाहीतर कापड आडवं फिरवायचं, पण मग वीण आडवी पडते आणि रेघांचं कापड असेल तर ते साफ दिसतं. दोन फुटांच्या तीन तुकड्यांना यातलं काहीच नको. आणि मागाचं कोरं कापड तसंच कापायला घेऊ नकोस. त्यात खळ असते. रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, मग माप. सूत आटतं. मुलखातलं कापड म्हणून कौतुकानं आणलेलं पहिल्या धुण्यात बोटभर आखूड झालं, की खिडकीखाली उजेडाची फट राहते आणि रोज सकाळी तेवढंच दिसतं. माझे वडील शाहू मिलच्या भोंग्यावर उठायचे. शाहू महाराजांनी 1906 ला काढलेली मिल ती, आता बंद. घरात कोऱ्या कापडाचा वास असायचा. ते म्हणायचे, माप भिजल्यावर घ्यावं.

हौशी : बाळाच्या खोलीपुरती मीच माघार घेतो. तो आता धरून उभा राहतो, हाताला येईल ते ओढतो. ब्लाइंडची लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्याभोवती गेल्याच्या घटना जगात इतक्या झाल्या की अमेरिकेत 2018 च्या मानकानं दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना लांब लोंबती दोरी ठेवायचीच नाही असं ठरवलं. आपल्याकडं विकणारा त्याबद्दल बोलतही नाही. त्या खोलीला दोन वर्षं साधा आखूड पडदा. देवघराच्या खिडकीचा प्रश्नच नाही.

संशयी : नाहीच. समई, निरांजन, उदबत्ती, आणि वर कापड! 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघितलं त्या दिवसापासून आग आणि कापड शेजारी दिसलं की माझा हात आपोआप पुढं होतो. राहिली तुझी बेडरूम. पूर्वेला ना? तिथं जाड अस्तराचं लाव, झोपेच्या कामाचं आहे. पण पावसाळ्यात रोज सकाळी पूर्ण खाली सोडायचं, घडी करून वर ठेवायचं नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस घरातच असतात. त्या दमट हवेत घड्यांच्या पोटात बुरशी धरते, आणि मागं पाल राहायला येते, ती वेगळीच. 2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका म्हणतात, त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर पुढच्या खोलीतला पडदा काढला. खालच्या अर्ध्या भागात पंचगंगेचा गाळ, आणि जिथवर पाणी होतं तिथं सरळ रेघ. सात वेळा धुतला. रेघ गेली नाही. तुझं वस्त्रगाळ ऐकलं की मला तो पडदा दिसतो.

हौशी : म्हणजे सातपैकी हॉल आणि बेडरूम. ओट्याला दूधकाच, बाळाच्या खोलीला आखूड पडदा, देवघर आणि न्हाणीघर मोकळं. राहिली मधली खोली, गल्लीकडची. खरं तर सगळं सुरू तिथूनच झालं. ताई तिथं अभ्यास करते, दहावी आहे. समोरच्या बिल्डिंगची गॅलरी बारा फुटांवर. ती म्हणते, पप्पा, मला सतत कुणीतरी बघतंय असं वाटतं. पुस्तकातनं वर बघायचीच तिला चोरी. कापडाची सगळ्यात जास्त गरज कुठल्या खोलीला आहे असं विचाराल, तर मी हॉल म्हणणार नाही, ही म्हणेन.

संशयी : आणि त्याच खिडकीत वहिनी बसतात.

हौशी : हो. आई त्याच खोलीत झोपते, त्याच पलंगावर. म्हणून मी विचार करून ठेवलाय. ब्लाइंड दोन थरांचं करायचं. पुढं जाड, मागं मलमल. दिवसा मलमल सोडली की बाहेर उजेड, आत अंधार, त्यामुळं आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. रात्री दिवा लागला की उलटं होतं, तेव्हा जाड सोडायचं. आईला गल्ली दिसेल, ताईला कुणी बघणार नाही. दोघींचं भागतं.

संशयी : कापडाचा हिशेब अगदी बरोबर आहे. पण वहिनींच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मलमलीतून त्यांना गल्ली धुक्यात दिसणार. ते एक सोड. त्या खिडकीत कधी बसतात ते बघितलंस का? दुपारी नाही. सहा ते आठ. कामावरून माणसं परतायची वेळ, भाजीचा गाडा येतो ती वेळ, आणि तुझ्या लेकीची क्लासवरून येऊन दिवा लावून बसायची तीच वेळ. म्हणजे जाड सोडायची वेळ. आणि समजा चष्म्यानं मलमलीतूनही दिसलं. वहिनी तिथं नुसत्या बघायला बसतात असं वाटतं तुला? पेठ सोडून तुझ्या तिसऱ्या मजल्यावर आल्या, त्या गल्लीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आता भाजीवाली मान वर करून ‘जेवला का आज्जी’ म्हणते. शाळेतली पोरं हात हलवतात. त्या खिडकीत दिसतात म्हणून. तुझ्या मलमलीमागून त्यांना सगळं दिसेल, आणि त्या कुणालाच दिसणार नाहीत. लेकीला नकोसं झालंय नेमकं तेच वहिनींना पाहिजे.

हौशी : मग मी काय करू? पोरीला सांगू, आजीसाठी लोकांना बघू दे? ते मी सांगणार नाही. तुमच्या काळात मुलींना ते निमूट सोसायला लावलं म्हणून ते बरोबर होत नाही. तिला दार-खिडकी लावून घ्यायचा हक्क आहे, आणि तिचा तो हक्क माझ्यासाठी कापडाच्या रंगापेक्षा, पन्ह्यापेक्षा मोठा आहे.

संशयी : मी कुठं नाही म्हणतेय? माझ्या वेळेला कुणी मला खिडकीला कापड लावून दिलं असतं तर मी दहावीला दोन मार्क जास्त काढले असते. पण वहिनींनाही विचारलेलं नाहीस तू. हॉलच्या सोफ्याचं विचारलंस, ओट्याचं विचारलंस.

हौशी : खालचा अर्धा भाग झाकला आणि वरचा मोकळा ठेवला तर? वरून खाली उतरणारेही येतात ब्लाइंड.

संशयी : पलंगावर बसलेल्या माणसाची नजर खालच्याच अर्ध्यात असते रे.

हौशी : टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं तर? तिची पाठ खिडकीकडं होईल.

संशयी : पाठीवर नजर असली की अभ्यास होतो, असं तुझं म्हणणं आहे का?

हौशी : नाही. खरंच नाही.

संशयी : मग हॉलची तीन आणि बेडरूमचं एक, एवढं कापड आण इचलकरंजीहून. भिजवायला घाल. मधल्या खोलीचं माप आत्ता घेऊ नकोस. आणि उद्या संध्याकाळी सहाला तू घरी असशील तर बघ, भाजीवाली हाक मारते तेव्हा ताई खिडकीतनं बाजूला सरकते, का आजीच्या मागनं तीही वाकून बघते.